माघारीच्या दिवशी, दुपारी तीननंतर

सरकारी छापखान्यात नोकरीला आहे असं सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे नोटा छापता?" नोटा नाशिकला छापतात, त्या केंद्र सरकारच्या प्रेसमध्ये, एवढं सांगून झालं की त्याचा आमच्यातला रस संपायचा. मग आम्ही काय छापतो ते सांगायचं उरायचं. तलाठ्याच्या नमुन्यांची पुस्तकं, पोलीस ठाण्याच्या डायऱ्या, पावतीपुस्तकं, राजपत्र, आणि निवडणूक आली की मतपत्रिका. लग्नाच्या बाजारात या यादीला भाव नव्हता, पण 'सरकारी' म्हटल्यावर होता, त्यामुळे निभावलं.

मी १९८२ च्या सुमारास कॉपीहोल्डर म्हणून लागलो आणि मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारा, म्हणून निवृत्त झालो. छापखाना मुंबईबाहेरचा, विभागाच्या ठिकाणचा. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात काही कौतुकाचं आहे आणि काही नाही. आमच्यातल्या ज्यांच्या हाती हे पडेल त्यांना नावाची गरजही नाही. मुख्यालय मुंबईत, चर्नी रोडला. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालय. हे लांबलचक नाव राजपत्राच्या शेवटी बारीक टाइपात छापलेलं असतं. आम्ही तोंडाने कधी ते उच्चारलं नाही; आमच्यासाठी ते नुसतं 'चर्नी रोड'. "चर्नी रोडचा फोन आहे" म्हटलं की फोरमनसाहेब चष्मा पुसायला घ्यायचे. तिथल्या मध्यवर्ती मुद्रणालयात इंग्रजांच्या काळी मुंबई इलाख्याची कॅम्बेलसाहेबाची गॅझेटियरं, म्हणजे जिल्हावार माहितीचे ग्रंथ, छापली गेली, हे आम्हाला नवीन असताना अभिमानाने सांगितलं जायचं. आपण कुठल्या परंपरेत आलोय ते कळावं म्हणून असेल. आमच्या हातात मात्र तेव्हा साथरोगाच्या तक्त्यांचे नमुने होते.

आम्ही निवृत्त मंडळी अधूनमधून जमतो. बोलणं तब्येतीवरून पेन्शनवर येतं आणि पेन्शनवरून छापखान्यावर, आणि तिथे आलं की भांडणं सुरू होतात. कुठल्या साली कुठलं मशीन आलं, कोण कुठल्या पाळीला होतं, कुणाचाच दुसऱ्याशी मेळ बसत नाही. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत असतं. बाहेरचे लोक म्हणायचे की सरकारी छापखान्यात काम नसतं, आणि ते अर्धं खरं होतं. कागद यायचा असे, मंजुरी यायची असे, मंत्रालयातून मजकूर यायचा असे. तोवर माणसं बसून असत. सिलिंडर मशीन दुसऱ्यांदा पुसून होई, कॅरमच्या सोंगट्यांना पावडर लागे. आणि मग एखाद्या संध्याकाळी गेटवर जीप उभी राही आणि पुढचे काही दिवस घर विसरायचं. काम नाही, किंवा श्वास घ्यायला उसंत नाही. मधलं काही आम्ही कधी पाहिलं नाही. आम्हाला आळशी म्हणणारे दुपारी यायचे, एवढंच.

कॉपीहोल्डरचं काम बाहेर कुणाला माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. मूळ प्रत कॉपीहोल्डरने मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेल्या मुद्रितशोधकाने गॅलीप्रुफावर, म्हणजे तपासायच्या कच्च्या छापावर, डोळा ठेवायचा. नुसते शब्द वाचून भागत नाही. "कंस सुरू, एक, कंस पुरा, उक्त अधिनियमाच्या, स्वल्पविराम, कलम चार, पोटकलम एक अन्वये" असं सगळं वाचायचं, एका सुरात, न थांबता. खोलीत अशा चार-पाच जोड्या एकदम वाचत असत. बाहेरून आलेल्याला वाटे, पारायण बसलंय.

सगळ्यात जिकिरीचं काम भूसंपादनाच्या अधिसूचनांचं. १८९४ च्या कायद्याचं कलम ४, त्यानंतर कलम ६. धरण, कालवा, रस्ता, काहीही असो. गावाचं नाव, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पानामागून पान. आकडे सुटे वाचायचे. "एक, सात, तीन, पैकी, शून्य हेक्टर ऐंशी आर." मी ज्यांच्या हाताखाली लागलो त्यांना सगळे नाना म्हणत. नवा होतो, वेगाने वाचून छाप पाडायची हौस होती. नानांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "हा जो एकशेत्र्याहत्तर आहे ना, ती कुणाची तरी विहीर आहे. सावकाश वाच." पुढे मी स्वतः पेन्सिलीच्या बाजूला बसलो तेव्हा नव्या पोरांना हेच ऐकवलं, नानांचं नाव न सांगता. चूक छापून गेली तर शुद्धिपत्र काढता येतं, हे खरं. पण शुद्धिपत्रही राजपत्रातच निघतं, आणि गावात राजपत्र कोण वाचतो?

शुद्धलेखनाचा तर आमच्या खोलीला रोगच होता. १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ला त्यात पडलेली चारांची भर, असे अठराच्या अठरा नानांना पाठ होते. पण जुन्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण निघालं की त्यातले अनुस्वार ठेवायचे की काढायचे यावर खोलीत दोन पक्ष पडायचे. बरोबर कोण ते शेवटी साहेबांच्या सहीने ठरे, व्याकरणाने नाही.

कंपोझिंग खातं, म्हणजे अक्षरं जुळवायचं, आमच्या शेजारी, काचेच्या पलीकडे. केस म्हणजे अक्षरांची घरं असलेला लाकडी खण. इंग्रजीला वरची केस आणि खालची केस मिळून काम भागतं. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार, सगळ्यांना स्वतंत्र घरं, त्यामुळे कंपोझिटरच्या समोर आणि दोन्ही बाजूंना केसा मांडलेल्या असत आणि तो मधे उभा. अण्णा आमचे सगळ्यात जुने कंपोझिटर. त्यांची नजर कॉपीवर आणि हात केसवर. खिळा, म्हणजे अक्षराचा शिशाचा ठसा, न बघता उचलायचा, त्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागली की कळतं सुलटा आहे की उलटा, आणि स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत. शिशाचा त्रास होऊ नये म्हणून त्या खात्यात गूळ खायची पद्धत होती. औषध म्हणून त्याचा काय उपयोग ते डॉक्टर जाणोत, पण महिनाअखेरीला गुळाचा खडा चहात टाकायला बरा पडे.

राजपत्राचा दिवस गुरुवार. त्यात नावबदलाच्या जाहिराती असत, आणि त्या वाचायला आम्ही उत्सुक असायचो, हे मान्य केलं पाहिजे. लग्नानंतरची नावं, शाळेत मास्तरांनी चुकीची लावलेली नावं, आणि काही अशी की ज्यांच्या आईबापांनी पोर जगावं म्हणून मुद्दाम वाईट नाव ठेवलेलं. धोंडू, दगडू, कचरू. पोरगा जगला, शिकला, नोकरीला लागला आणि आता सरकारदप्तरी चांगलं नाव मागत होता. जुनं नाव आणि नवं नाव एकाच ओळीत. ती ओळ तपासताना नाना एरवीपेक्षा जास्त कडक असत.

आता मतपत्रिकांकडे येतो, कारण आम्ही जमलो की शेवटी गाडी तिथेच येते.

उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत ठरलेल्या दिवशी दुपारी तीनला संपते. त्याआधी एकही ओळ जुळवून उपयोग नसतो. तीनला पाच कमी असताना कोण दमात येईल, कोण मनवला जाईल, सांगता येत नाही. तीननंतर चिन्हवाटप, मग निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची यादी, म्हणजे नमुना ७-अ, त्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची सही, आणि ती यादी घेऊन नायब तहसीलदार जीपमध्ये बसणार. जवळचे संध्याकाळी पोचत. लांबच्या तालुक्यांचे मध्यरात्री. तोवर गेटवर पोलीस बसलेले असत, रजा बंद झालेल्या असत, आणि मतपत्रिकेच्या कामावर ज्यांची नेमणूक त्यांची आत जाताना आणि बाहेर येताना झडती. खिशात एसटीचं तिकीटसुद्धा ठेवायची सोय नव्हती.

१९९५ ची विधानसभा आमच्यातला कुणी विसरणार नाही. अपक्षांचं अमाप पीक आलं होतं. त्या निवडणुकीत ४५ अपक्ष निवडून आले, हे सगळ्यांना माहीत आहे. न निवडून आलेले किती असतील त्याचा अंदाज आम्हाला खिळ्यांवरून होता. पक्षाच्या उमेदवाराचं बरं असतं, त्याचं चिन्ह कायमचं, ब्लॉक, म्हणजे चिन्हाचे ठसे, भरपूर. अपक्षांची चिन्हं मुक्त यादीतली, आणि ज्याला त्याला तीच चार हवी असतात. कपबशी, शिलाई मशीन, पतंग, विमान. जस्ताचे ब्लॉक लाकडी ठोकळ्यावर ठोकलेले असतात आणि प्रत्येक फर्म्यात, म्हणजे छापायला बांधलेल्या मजकुराच्या चौकटीत, वेगळा ब्लॉक लागतो. त्या रात्री कपबशीचे ब्लॉक संपले. अण्णांनी आदल्या निवडणुकीचा एक ब्लॉक कपाटामागून शोधून काढला. त्याचा कान थोडा दबलेला होता. नायब तहसीलदार भिंगातून बघत बसले आणि म्हणाले, "ही कपबशी त्या कपबशीसारखी दिसत नाही." एका मतदारसंघातली कपबशी सगळ्या मतपत्रिकांवर सारखीच दिसली पाहिजे, दुसऱ्या मतदारसंघात वेगळी दिसली तर बिघडत नाही, हे त्यांना पटवण्यात चहाच्या दोन फेऱ्या गेल्या.

नावांचा घोळ त्याहून मोठा. एकाच मतदारसंघात नाव तेच, आडनाव तेच, फक्त वडिलांचं नाव वेगळं, असे उमेदवार उभे केलेले असत. का उभे केलेले असत ते सांगायला नको. अशा वेळी प्रूफ वाचणाऱ्याच्या डोळ्याला झापड येते. पहिलं नाव वाचलं की दुसरं मेंदू आपोआप वाचून टाकतो. म्हणून मतपत्रिकेचं प्रूफ आम्ही शेवटच्या नावाकडून वर वाचायचो, आणि नावातही उलटं, आधी आडनाव मग नाव. शिवाय कंसातली नावं. एका उमेदवाराला कंसात 'भाऊ' हवं होतं, यादीत 'भाऊसाहेब' आलेलं. यादीत जे आहे तेच छापणार. आमच्याकडे यादी म्हणजे ब्रह्मवाक्य. ज्याला बदल हवा त्याने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून लेखी आणावं. गेटवर उभं राहून आमच्यावर डोळे वटारून काही होत नाही. कार्यकर्ते डोळे वटारायचेच.

प्रुफावर सही झाली की फर्मा आवळायचा. दोन उमेदवारांच्या मधे छायांकित पट्टी असते, शिक्का मधेच पडला तर कुणाचं मत हा वाद नको म्हणून. ती पट्टी तिरकी झाली की अख्खी मतपत्रिका बाद. आणि या सगळ्यात सगळ्यात नाठाळ चीज म्हणजे नंबरिंग बॉक्स. फर्म्यातच बसवलेलं हे लहानसं यंत्र दर छापाला एकाने पुढे सरकतं. मतपत्रिकेवर जो नंबर तोच काउंटरफॉइलवर (मागे राहणाऱ्या स्थळप्रतीवर), म्हणजे दोन बॉक्स एकमेकांच्या तालात चालले पाहिजेत. शाई वाळली, कागदाची लव अडकली की चाक फिरत नाही, आणि एकच नंबर दोन कागदांवर येतो. नाहीतर नव्याण्णवनंतर शंभरचं चाक उठत नाही आणि पुन्हा शून्य शून्य. मशीनमनच्या हातात केरोसीनचा बोळा कायम असे. तरी चूक पहिली पकडायच्या त्या बायंडिंगच्या बायका.

बायंडिंग खात्याबद्दल आम्ही पुरुष मंडळी गप्पांमध्ये कमी बोलतो, आणि ते बरोबर नाही. छापणं एका रात्रीचं, पण मोजणं, लावणं, शिवणं पुढे चालूच. ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं, कागद पंख्यासारखा उलगडायचा आणि पाच-पाच करत मोजायचं. नजर मात्र मोजणीवर नसे, कोपऱ्यातल्या नंबरावर असे. आमच्या एका ताईंना गड्डी फिरवताना मधला एक नंबर गेलेला ऐकू येतो, असं आम्ही म्हणायचो. त्या चिडायच्या. "ऐकू काय येतंय? बघावं लागतं." खराब झालेला एकही कागद टोपलीत जात नसे. प्रत्येक बिघडलेल्या मतपत्रिकेची नोंद, नंबर, कारण, आणि शेवटी नायब तहसीलदारांसमोर मोजून, सह्या होऊन, जाळणं. कामाचे आठ तास झाले की नियमाने पाळी संपते. मोजणी जुळली नाही तर कुणाची पाळी संपत नसे, कारण हिशोब जुळेपर्यंत गेट उघडत नाही. ताईंचं धाकटं पोर तेव्हा शाळेत जाणारं होतं. शेजारीण दोन दिवस जेवू घालत होती, हे त्यांनी आम्हाला परवा सांगितलं. तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

त्या निवडणुकीच्या ओव्हरटाइमचं बिल पुढच्या आर्थिक वर्षात निघालं, तेही कापून. या विषयावर जमलेल्यांपैकी प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो आणि प्रत्येकाचा राग सारखा.

त्यानंतर १९९६ साली कायदा बदलला. माघारीची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत आधी किमान २० दिवस मिळायचे, ते १४ झाले. वर्तमानपत्रांत खर्च कमी होईल, प्रचाराचा गोंगाट कमी होईल, असं छापून आलं. छापखान्याचे सहा दिवस गेले हे कुणी लिहिलं नाही, आणि कुणी का लिहावं? सहा दिवस म्हणजे आमच्याकडे बायंडिंगचा सगळा निवांतपणा. आता लांबच्या तालुक्याची जीप यायच्या आधीच जवळच्या तालुक्याच्या गड्ड्या शिवून पेट्यांत भरायला घ्यायच्या. १९९९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकदमच आल्या. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी, म्हणजे सगळं दुप्पट, आणि वर एका रंगाच्या गड्डीत दुसऱ्या रंगाचा कागद जाता कामा नये ही धास्ती. छपाई तोवर बरीचशी ऑफसेटवर, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापण्यावर, गेली होती, नंबर मात्र जुन्याच मशीनवर पडत होते. ताई म्हणतात, गुलाबी कागदाचा रंग बोटांना लागून घरी कणकेत उतरायचा. अण्णा म्हणतात, कागदाचा रंग असा सुटत नाही, ती शाई असेल. हा वाद मिटलेला नाही.

संगणकाचं असं झालं की तो एकदम आला नाही. आधी एका खोलीत दोन यंत्रं, वातानुकूलित, चप्पल बाहेर काढून आत जायचं. कंपोझिटरांना प्रशिक्षणाला पाठवलं. तरुण होते ते शिकले. अण्णांनी महिनाभर कळफलकासमोर बसून पाहिलं. केसमधलं प्रत्येक घर डोळे मिटून सापडणाऱ्या माणसाला 'क्ष' कुठल्या कळीवर आहे ते दुसऱ्याला विचारावं लागायचं. त्यांनी बायंडिंगकडे बदली मागून घेतली आणि निवृत्तीपर्यंत तिथे काढली. खिळे वजनावर भंगारात गेले. मला त्याचं फार वाईट वाटलं असं म्हणणार नाही. शिशाची धूळ ज्यांनी खाल्ली त्यांनाही वाटलं नसावं. मुद्रितशोधकाला संगणकाने दिलेला त्रास वेगळा होता. खिळ्यांच्या दिवसांत तुटलेला खिळा डोळ्याला खुपायचा, आता सगळंच देखणं दिसायला लागलं, चूकसुद्धा. आणि २००९ च्या नोव्हेंबरात शासनाचा निर्णय आला: मराठीत पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श, ही अक्षरांची मराठी वळणं, वापरायचे. नाना असते तर म्हणाले असते, आपण कधी सोडले होते? पण फॉण्टमध्ये हिंदी वळणाचा, दंडाचा ल बसलेला, त्यामुळे निर्णय एका ल ने छापलेला आणि अंमलबजावणी दुसऱ्या ल ने, असे काही महिने गेले.

२००४ च्या लोकसभेला देशभर मतदान यंत्रं आली. मतपत्रिका छापायच्या उरल्या, पण मतदारागणिक एक होती ती आता यंत्रागणिक एक झाली. शिवाय टपाली मतदानाच्या आणि प्रदत्त मतांसाठीच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आधीच दुसरा कुणी मत देऊन गेला त्याच्यासाठीच्या, थोड्या. जीप यायची तशीच, नायब तहसीलदार भिंग घेऊन तसेच बसायचे, गेटवर पोलीसही. पण पहाटेच्या आत सगळं आटोपायचं. त्या पहिल्या निवडणुकीत बायंडिंगच्या बायका नेहमीप्रमाणे दोन दिवसांच्या तयारीने डबे बांधून आल्या होत्या, आणि साहेबांनी त्यांना संध्याकाळीच घरी जायला सांगितलं. ताई म्हणाल्या, "साहेब, मोजणी?" मोजणी झाली होती.

नंबरिंग बॉक्स मात्र भंगारात गेले नाहीत. मी निवृत्त झालो तेव्हा पावतीपुस्तकांवरचे नंबर अजून त्यांनीच पडत होते, नव्याण्णवनंतर अजून अडकत होते, आणि बोळा घेऊन जो पोरगा उभा असायचा त्याला १९९५ साली काय झालं होतं ते ऐकायची काही हौस नव्हती.